पडद्याची चतुःसीमा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमचे मामा शेतकरी आहेत. नगर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी त्यांचे पतसंस्थेत खाते आहे. पीक कर्जाचा अर्ज भरायचा होता, म्हणून त्यांना घेऊन मी तिथे गेलो. सोबत नववीत शिकणारी त्यांची नात होती. काउंटरवर दोन मॉनिटर होते. एकाचे तोंड कारकुनाकडे आणि दुसऱ्याचे आपल्याकडे. व्यवस्था चांगली होती. कारकून जे टाईप करील ते खातेदाराला समोरच दिसावे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सांगता यावी, हा त्यामागचा हेतू.

कारकुनाने माहिती भरली आणि म्हणाला, "बाबा, समोर बघून घ्या. बरोबर आहे ना सगळं?" मामांनी चष्मा सावरला. नाव पाहिले, गाव पाहिले, गट क्रमांक पाहिला, पीक पाहिले. मग म्हणाले, "दिसतंय तेवढं बरोबर हाय."

अर्ज छापून सहीला आला. मामांनी पेन हातात घेतले, तेवढ्यात नातीने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. शेवटी म्हणाली, "आजोबा, आपलं रान एवढंच आहे का?" क्षेत्राच्या रकान्यात ०.१८ हेक्टर लिहिले होते. खरे क्षेत्र होते ०.८१ हेक्टर. ८१ आर म्हणजे जवळजवळ दोन एकर आणि १८ आर म्हणजे अठरा गुंठेही पुरते नाहीत. टाईप करताना दोन आकडे उलटे पडले होते. अशी चूक कुणाच्याही हातून होते. पण मामांना ती समोरच्या पडद्यावर दिसली का नाही? कारण तो रकानाच त्यांच्या पडद्यावर नव्हता. गट क्रमांक आणि पीक यांच्यापुढे पडदा संपत होता. क्षेत्राचा रकाना त्या पलीकडे कुठेतरी होता.

कारकून म्हणाला, "मॉनिटर जुना झालाय साहेब, बदलून मागितलाय." माझा धंदा संगणक दुरुस्तीचा. मी मॉनिटर तपासला. तो ठणठणीत होता. बिघाड वेगळ्याच जागी होता आणि तो त्या एका पतसंस्थेपुरता नाही. जिथे जिथे एका संगणकाला दोन पडदे जोडलेले असतात, तिथे तिथे तो या ना त्या रूपात भेटतो. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपासून औषधांच्या दुकानापर्यंत आणि शाळेच्या प्रोजेक्टरपासून छापखान्यातल्या पान लावणाऱ्याच्या टेबलापर्यंत. म्हणून आज त्याविषयी थोडे सांगायचे आहे.

एकच रान, दोन तुकडे

आधी एक गोष्ट समजून घेऊ. दोन मॉनिटर म्हणजे दोन संगणक नव्हेत. संगणकाच्या दृष्टीने ते एकच मोठे रान आहे आणि त्यातले दोन तुकडे आपल्याला दोन काचांमधून दिसतात. ही कल्पना जुनी आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश टू या संगणकावर १९८७ सालीच एकापेक्षा जास्त पडदे चालत असत. विंडोजवाल्यांना ही सोय १९९८ साली विंडोज ९८ मध्ये मिळाली आणि तीही एकदम नऊ मॉनिटरपर्यंत.

रान म्हटले की मोजणी आली. आपल्या जिल्ह्याला मोजणीचे काही नवल नाही. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर, जो १६२६ साली वारला, त्याचे नाव आजही निघते ते जमीन मोजून, तिची प्रत ठरवून सारा बांधून देण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे. मोजणीला पहिली गरज असते एका पक्क्या खुणेची. कुठल्या दगडापासून मोजायचे, हे ठरले की पुढचे सारे ठरते.

संगणकाचा हा दगड असतो मुख्य मॉनिटरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. तिथे शून्य. तिथून उजवीकडे ठिपके मोजायचे आणि खाली ठिपके मोजायचे. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचेच बनलेले असते, हे आपल्याला माहीत आहे. त्या पतसंस्थेत कारकुनाचा मॉनिटर नवा होता, आडवे १,९२० ठिपके आणि उभे १,०८०. खातेदाराकडचा मॉनिटर जुना, आडवे १,३६६ आणि उभे ७६८. तो संगणकाला उजवीकडचा म्हणून सांगितलेला होता. म्हणजे पहिल्या मॉनिटरचे ठिपके शून्यापासून १,९१९ पर्यंत, आणि दुसऱ्याचे १,९२० पासून ३,२८५ पर्यंत. तिथे रान संपले. पुढे काही नाही.

आता त्या प्रोग्रॅमने काय केले? खातेदारासाठीची खिडकी त्याने दुसऱ्या पडद्यावर उघडली, ते बरोबर केले. ती पडदाभर मोठी करायची होती. त्यासाठी त्याने संगणकाला विचारले, "पडदा केवढा आहे?" प्रश्न असा मोघम विचारला की विंडोज मुख्य पडद्याचे माप सांगते. उत्तर आले, १,९२०. प्रोग्रॅमने १,९२० ठिपके रुंदीची खिडकी १,३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर मांडली. ५५४ ठिपके उजवीकडे पडद्याबाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर क्षेत्राचा रकानाही गेला. खालच्या बाजूलाही ३१२ ठिपके बाहेर गेले होते.

यात कारकुनाचा दोष नाही. त्याच्या पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसत होते. खातेदाराच्या पडद्यावर काय दिसते, हे त्याला खुर्चीतून उठून पलीकडे गेल्याशिवाय कळणार नव्हते. आणि खातेदाराला काय दिसत नाही, हे खातेदाराला तरी कसे कळावे? न दिसणारी गोष्ट आपण मागत नाही. तोच मॉनिटर डावीकडचा म्हणून सांगितलेला असता, तर बाहेर गेलेला तुकडा कारकुनाच्याच पडद्यावर सांडला असता आणि पहिल्या दिवशीच तक्रार गेली असती. इथे तो कुणाच्याच पडद्यावर नव्हता, म्हणून बोभाटा झाला नाही.

चौकट भिंतीबाहेर

पण प्रोग्रॅमरने वेगळे माप विचारायचेच कशाला? खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात तीन बटणे असतात. मधले बटण दाबले की खिडकी पडदाभर होते. यालाच मॅक्सिमाईज म्हणतात. ते काम विंडोज स्वतः करते आणि ज्या पडद्यावर खिडकी आहे त्याचेच माप घेते. मग घोटाळा कुठे होतो? इथे एक जुनी गंमत आहे.

खिडकीला भोवताली बारीक चौकट असते. तिला माऊसने धरून खिडकी लहानमोठी करता येते. पण खिडकी पडदाभर झाली की चौकट धरायची गरज उरत नाही. उलट ती जागा अडवते. पूर्वी पडदे लहान होते, एकेक ठिपका मोलाचा होता. म्हणून विंडोज बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. पडदाभर करताना खिडकी पडद्यापेक्षा किंचित मोठी करायची, म्हणजे चौकट चारही बाजूंनी पडद्याबाहेर जाईल आणि आतला मजकूर कडेला टेकेल. अलीकडच्या विंडोजमध्ये नेहमीच्या मांडणीत ही चौकट आठ ठिपक्यांची असते. १,३६६ ठिपके रुंद पडद्यावर पडदाभर केलेल्या खिडकीची रुंदी मोजली तर ती १,३८२ भरते. आठ ठिपके डावीकडे बाहेर, आठ उजवीकडे. तिची सुरुवात शून्यापासून न होता उणे आठपासून होते.

मॉनिटर एकच होता तोवर हे खपून गेले. पडद्याबाहेर काही नव्हतेच. माळरानात एकच घर असेल तर पागोळी कुठे पडते याची चिंता कोण करतो? पण शेजारी दुसरे घर उभे राहिले की आपल्या छपराचे पाणी त्याच्या अंगणात पडायला लागते. दुसरा मॉनिटर आला आणि नेमके हेच झाले. या पडद्यावरच्या खिडकीचे आठ ठिपके शेजारच्या पडद्याच्या कडेला उभ्या रेघेसारखे दिसावे, अशी वेळ आली. मायक्रोसॉफ्टमधले ज्येष्ठ प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्यावर उपाय असा काढला की, खिडकी पडदाभर असेल तर तिचा जो भाग आपल्या मॉनिटरची हद्द ओलांडतो तो दाखवायचाच नाही. खिडकी हद्दीबाहेर आहे, पण तेवढा भाग कापून टाकलेला. कागदोपत्री अतिक्रमण आहे, डोळ्यांना दिसत नाही.

आता ज्या प्रोग्रॅमची चौकट विंडोजने दिलेली असते त्यांना यातून त्रास होत नाही. त्रास होतो तो स्वतःची चौकट स्वतः रंगवणाऱ्यांना. हल्ली पुष्कळ प्रोग्रॅमना आपला तोंडवळा वेगळा हवा असतो. ते विंडोजची चौकट काढून टाकतात, वरची पट्टी स्वतः काढतात, बटणे स्वतः मांडतात. हे करताना त्या आठ ठिपक्यांचा हिशेब त्यांनाच ठेवावा लागतो. तो विसरला की तीनपैकी एक प्रकार होतो. एक, कडेचा मजकूर आणि बटणे आठ ठिपके कापली जातात. दोन, शेजारच्या मॉनिटरवर बारीक रेघ उमटते आणि आपण काच पुसत बसतो. तीन, खिडकी खालच्या टास्कबारवरही पसरते आणि घड्याळ, स्टार्टचे बटण सगळे झाकून टाकते. हे सारे टाळायला काही प्रोग्रॅमर मॅक्सिमाईजची सरकारी वाट सोडतात आणि माप विचारून स्वतःच खिडकी ताणतात. तिथे मुख्य पडद्याचे माप दुसऱ्या पडद्याला लावले की आमच्या मामांसारखा प्रकार होतो. शिवाय ती खिडकी खऱ्या अर्थाने पडदाभर केलेली नसते, म्हणून हद्दीबाहेरचा भाग कापण्याचा नियमही तिला लागू होत नाही.

शून्याच्या अलीकडे

दुसरा मॉनिटर डावीकडे ठेवला तर आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. मोजणीचा दगड मुख्य मॉनिटरच्या कोपऱ्यात आहे, हे आपण पाहिले. मग त्याच्या डावीकडचे ठिपके कसे मोजायचे? उणे एक, उणे दोन असे. गणितात यात काही अवघड नाही. पण बरेच प्रोग्रॅम एकाच मॉनिटरच्या काळात लिहिले गेले. पडद्यावरची जागा उणे असू शकते, हे ते लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

माऊस कुठे आहे हे विंडोज प्रोग्रॅमला कळवते तेव्हा आडवे आणि उभे अंतर एकाच आकड्यात बांधून पाठवते. प्रत्येकाच्या वाट्याला सोळा घरे येतात, आणि त्या सोळा घरांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. त्यातला अर्धा भाग उण्या संख्यांसाठी राखलेला असतो. ज्या प्रोग्रॅमरने हे लक्षात न घेता आकडा सरळ वाचला, त्याला उणे एकच्या जागी ६५,५३५ दिसतात. जुन्या स्कूटरचे मीटर आठवा. सगळी शून्ये असताना ते एक घर मागे फिरवले तर सगळे नऊ येतील. स्कूटर नवी कोरी आणि मीटर सांगते लाखभर किलोमीटर. तसेच हे. मग डावीकडच्या मॉनिटरवर मेनू उघडायला जावे तर तो भलत्याच पडद्यावर उघडतो, किंवा उघडतो पण दिसत नाही. माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करतो आणि शेवटी संगणक बंद करून चालू करतो.

अनुस्वार कुठे गेला?

मराठी माणसाला जास्त जाचणारा प्रकार वेगळा आहे. सगळ्या मॉनिटरचे ठिपके सारख्या आकाराचे नसतात. नव्या लॅपटॉपवर ते फार दाट असतात. अक्षरे मुंगीएवढी दिसू नयेत म्हणून विंडोज ती सव्वापट किंवा दीडपट करून दाखवते. शेजारी जुना मॉनिटर जोडला की एकीकडे दीडपट आणि दुसरीकडे जसेच्या तसे, असा कारभार सुरू होतो. प्रत्येक मॉनिटरला वेगळे प्रमाण देण्याची सोय विंडोज ८.१ मध्ये २०१३ साली आली आणि २०१७ सालच्या विंडोज १० च्या सुधारणेत ती बरीच मार्गी लागली. पण ती सोय वापरणे प्रोग्रॅमच्या हाती असते. जुन्या प्रोग्रॅमला ती ठाऊकच नसते. मग विंडोज त्याचे चित्र काढते आणि लहान फोटो मोठा करावा तसे ते ताणते. कडा पसरतात, अक्षरे धूसर होतात.

इंग्रजी अक्षर थोडे धूसर झाले तरी वाचता येते. आपल्या लिपीत अर्थ एकेका ठिपक्यावर बसलेला असतो. अनुस्वार गेला की अर्थ बदलतो, रफार शिरोरेषेत मिसळतो, "घ" आणि "ध" यांच्यातला फरक म्हणजे वरची एक लहानशी गाठ. "भ" आणि "म" यांचेही तेच. आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ धूसर पडद्यावर भाऊ-भाऊ दिसतात. साठी ओलांडलेल्या खातेदाराला काउंटरपासून दोन फुटांवरून हे वाचायचे असते. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तो गप्प बसतो. नंबर वाढलेला नसतो.

शाळांमधल्या मंडळींना आणखी एक जुना अनुभव आठवेल. विंडोज एक्सपी २००१ साली आले आणि पुढे बरीच वर्षे चालले. त्या काळात लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून चित्रफीत लावली की गुरुजींच्या लॅपटॉपवर चित्र दिसे आणि भिंतीवर मात्र नुसता काळा चौकोन. आवाज येतोय, चित्र नाही. कारण त्या वेळी चित्रफीत बाकीच्या पडद्याबरोबर रंगवली जात नसे. ग्राफिक कार्ड मुख्य पडद्यात एक रिकामी जागा सोडून तिथे ती थेट ओतत असे आणि ही ओतण्याची सोय अनेकदा एकाच पडद्यापुरती असे. प्रोजेक्टरला मिळे ती रिकामी जागा. २००७ साली विंडोज व्हिस्टा घरोघरी आले. तेव्हापासून प्रत्येक खिडकी आधी स्वतंत्र रंगवून मग सगळ्या एकत्र जोडण्याची पद्धत आली आणि हा त्रास हळूहळू मिटला. तेव्हा किती प्रोजेक्टर बिघडले म्हणून दुरुस्तीला गेले असतील, कोण जाणे.

हरवलेली खिडकी ही त्यातलीच धाकटी बहीण. प्रोग्रॅम बंद करताना तो दुसऱ्या मॉनिटरवर होता. दुसऱ्या दिवशी तो मॉनिटर काढून नेलेला. प्रोग्रॅम इमानदारीने जुन्या जागी उघडतो आणि त्या जागी आता पडदाच नसतो. खाली टास्कबारवर नाव दिसते, वर काही नाही.

घरच्या घरी उपाय

आता उपाय सांगतो. यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

पहिला उपाय, दोन्ही मॉनिटर शक्यतो एकाच मापाचे घ्यावेत. ते जमत नसेल तर निदान दोन्हींचे प्रमाण, म्हणजे स्केलिंग, सारखे ठेवावे. डिस्प्ले सेटिंगमध्ये शंभर टक्के, सव्वाशे टक्के असे लिहिलेले असते, तेच ते. ते बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. काही वेळा संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते.

दुसरा, त्याच ठिकाणी मॉनिटरचे एक-दोन क्रमांकाचे चौकोन दिसतात. ते माऊसने सरकवता येतात. टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच ते तिथे मांडावेत. जुना प्रोग्रॅम रुसत असेल तर दुसरा मॉनिटर उजवीकडे ठेवावा आणि वरच्या कडा एका ओळीत आणाव्यात, म्हणजे उणे आकड्यांची भानगड येत नाही. जो प्रोग्रॅम जास्त त्रास देतो, तो ज्या पडद्यावर चालवायचा त्यालाच मुख्य पडदा ठरवावे.

तिसरा, मॅक्सिमाईज केल्यावर कडा कापल्या जात असतील तर मधले बटण पुन्हा दाबावे, खिडकी लहान होईल. मग तिच्या कडा हाताने ओढून ती पडद्याएवढी करावी. दिसायला तेच, पण आठ ठिपक्यांचा वाद मिटतो.

चौथा, खिडकी हरवली असेल तर विंडोजची खूण असलेली कळ आणि शिफ्ट या दोन्ही दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबावा. खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते. २००९ साली विंडोज ७ आले तेव्हापासून ही सोय आहे. बाहेर अडकलेली खिडकी बहुधा अशी परत येते.

पाचवा उपाय काउंटरवाल्यांसाठी. विंडोजची कळ आणि पी दाबले की चार पर्याय येतात. त्यातल्या "डुप्लिकेट" या पर्यायाने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. कारकुनाला जे दिसते तेच खातेदाराला. इथे चूक लपायला जागा नाही. पण याला दुसरी बाजू आहे. कारकुनाने मधेच दुसऱ्या कुणाचे खाते उघडले तर तेही समोरच्याला दिसते. कुणाचे कर्ज थकले, कुणाची शिल्लक किती, हे चारचौघांत उघडे पडते. म्हणून खातेदारासाठी वेगळी खिडकी असणेच चांगले. फक्त ती पूर्ण दिसते की नाही, हे पलीकडच्या खुर्चीत बसून एकदा पाहावे. संगणक बसवणाऱ्याने, मॉनिटर बदलणाऱ्याने आणि प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकणाऱ्याने हे काम केल्याशिवाय पावतीवर सही मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या विंडोजवर अडून बसण्यातही शहाणपण नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. पण नवी विंडोज घातली म्हणजे जुना प्रोग्रॅम शहाणा होतो असे नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच तो दुरुस्त करायला सांगावे लागते. सांगताना "नीट दिसत नाही" एवढेच म्हणू नये. कोणता मॉनिटर मुख्य आहे, दोन्हींची मापे काय, प्रमाण किती, दुसरा डावीकडे की उजवीकडे, ही चार उत्तरे कागदावर लिहून द्यावीत. निम्मी दुरुस्ती त्यातच होते.

चार कोपरे पाहा

राहता राहिले आपण, काउंटरच्या अलीकडचे. आपल्याला ना कळा दाबता येतात ना सेटिंग बदलता येते. पण एक गोष्ट करता येते. जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. ती जुळल्याशिवाय आपण सही करत नाही. पडद्याचीही तशीच चतुःसीमा पाहावी. बहुतेक खिडक्यांना वर डाव्या कोपऱ्यात प्रोग्रॅमचे नाव असते आणि वर उजव्या कोपऱ्यात खिडकी बंद करण्याची फुली असते. खाली खिडकीची कड दिसली पाहिजे. नाव आहे आणि फुली नाही, तर समजावे की उजवीकडचे काहीतरी आपल्याला दिसत नाही. शेवटचा रकाना मधेच तुटलेला वाटला तरी तेच. अशा वेळी न लाजता म्हणावे, "दादा, पुढचं दिसत नाही, जरा सरकवा."

या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्ह्यात ठिकठिकाणी कारखाने झाले. उसाची गाडी काट्यावर गेली की शेतकरी आधी काट्याचा आकडा पाहतो. आकडा दिसला नाही तर तो गाडी खाली होऊ देत नाही. काट्याच्या बाबतीत जी नजर आहे, ती पडद्याच्या बाबतीतही हवी. पडदा चकचकीत असतो, आतला माणूस शिकलेला असतो, मागे रांग खोळंबलेली असते. त्या दडपणाखाली आपण "बरोबर आहे" म्हणून मोकळे होतो. आणि एकदा आपण बरोबर म्हटले की पुढची सगळी जबाबदारी आपली.

त्या दिवशी कारकुनाने क्षेत्र दुरुस्त केले, अर्ज पुन्हा छापला. मी त्याच्या परवानगीने खिडकी लहान करून हाताने पडद्याएवढी केली. क्षेत्राचा रकाना दिसू लागला. त्याने स्वतः उठून, पलीकडे येऊन तो पाहिला आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांना कळवतो म्हणाला. मामांनी मात्र पडद्याकडे पाहिलेच नाही. नव्या छापलेल्या कागदावर बोट ठेवत ते नातीला म्हणाले, "वाच बरं सगळं, वरपास्नं खालपर्यंत." तिने वाचले. मग त्यांनी सही केली.